पूल म्हातारे होत होते, ट्रक जड होत होते : पत्रीपूल, कोपर पूल आणि एक्सलचा हिशेब

२०१८ साल कशासाठी लक्षात आहे, असं ठाणे-कल्याण-डोंबिवलीत कुणालाही विचारा. उत्तर एकच येईल: ट्रॅफिक.

मे महिन्यात मुंब्रा बायपास दुरुस्तीसाठी बंद झाला आणि जेएनपीटीकडून येणारे कंटेनर ठाणे, ऐरोली, कल्याणच्या रस्त्यांवर आले. ३ जुलैला अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. त्यानंतर मुंबई परिसरातले ४४५ पूल तपासायचं रेल्वेने जाहीर केलं, आयआयटीचे लोक कामाला लागले. ऑगस्टमध्ये कल्याणचा पत्रीपूल धोकादायक ठरून बंद झाला. रविवार, १८ नोव्हेंबरला मेगाब्लॉक घेऊन क्रेनने तो उचलून काढला. १०४ वर्षांचा पूल काही तासांत नाहीसा झाला.

हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण त्याच वर्षातली आणखी एक तारीख आपल्याकडे कुणी काढत नाही: १६ जुलै २०१८. गोखले पूल पडल्यानंतर बरोबर तेरा दिवसांनी केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक अधिसूचना काढली आणि ट्रकच्या एका एक्सलवर कायद्याने किती वजन चालेल, ती मर्यादा वाढवली. मागे चार चाकं असलेल्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. आठ चाकांच्या जोड-एक्सलची १९ वरून २१ टनांवर. साध्या सहा चाकी ट्रकचं 'पासिंग' १६.२ टनांवरून १८.५ टन झालं.

म्हणजे एकाच महिन्यात एकीकडे पुलांची ताकद कमी झालीय का, याची तपासणी सुरू झाली आणि दुसरीकडे त्याच पुलांवरून जाणाऱ्या ट्रकना जास्त वजन न्यायला परवानगी मिळाली. दोन्ही निर्णय सरकारचेच होते, पण खाती वेगळी, फायली वेगळ्या.

आधीच स्पष्ट सांगतो. १६ जुलैच्या कागदामुळे पत्रीपूल गेला, असं माझं म्हणणं अजिबात नाही. पूल त्याच्या आधीच थकलेला होता. माझं म्हणणं एवढंच की पुलाचं वय आणि गाडीचं वजन या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. आपण फक्त पहिलीबद्दल बोलतो. 'ब्रिटिशकालीन पूल' म्हटलं की विषय संपला. म्हणून आज दुसऱ्या बाजूचा इतिहास. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

१९१४

पत्रीपूल १९१४चा. शीळ रोडवरून येऊन कल्याणमध्ये शिरायचं तर रूळ ओलांडावे लागतात, त्या रुळांवरचा हा लोखंडी पूल. नावाचं कारण विचारलं की जुने कल्याणकर त्याच्या लोखंडी पत्र्यांकडे बोट दाखवतात.

योगायोग बघा. हिंदुस्थानातला मोटारगाड्यांबद्दलचा पहिला देशव्यापी कायदा, इंडियन मोटर व्हेइकल्स अॅक्ट, तोही १९१४चाच. म्हणजे पूल बांधला गेला तेव्हा मोटार ही इतकी नवी चीज होती की तिच्यासाठी देशभराचा कायदा त्याच वर्षी होत होता.

मग त्या पुलावरून जायचं काय? बैलगाड्या, टांगे, गुरं, माणसं. लोखंडी धावेची बैलगाडी भरून एक टनाच्या आसपास वजन न्यायची. त्या काळी रस्त्याच्या पुलाचा हिशेब करताना सगळ्यात जड वस्तू म्हणून सहसा वाफेवरचा रोडरोलर नाहीतर दाटीवाटीची गर्दी धरली जायची. दहा-बारा टनांचा रोडरोलर क्वचित कधीतरी, मुंगीच्या पावलांनी जाणार. अशी गाडी दिवसातून हजार वेळा जाईल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

रेल्वेची गोष्ट वेगळी. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, १ मे १८५४ला ती कल्याणपर्यंत आली. तेव्हापासून रेल्वेच्या माणसाला 'एक्सल लोड' हा रोजच्या वापरातला शब्द. कुठलं इंजिन कुठल्या पुलावर चालेल, कुठल्या डब्यात किती माल भरायचा, सगळं ठरलेलं आणि डब्यावर रंगवलेलं. रूळ, पूल आणि गाडी या तिन्हींचा मालक एकच. इंजिन जड केलं तर आपलाच पूल मोडेल, हे त्याला आपोआप कळायचं.

रस्त्यावर तसं नाही. ट्रक एकाचा, माल दुसऱ्याचा, रस्ता तिसऱ्याचा, पूल चौथ्याचा. पत्रीपूल तर खालून रेल्वेचा आणि वरून रस्त्याचा. जादा वजनाचा फायदा एकाला मिळतो आणि त्याची किंमत दुसराच मोजतो. या लेखातलं सगळं भांडण इथून सुरू होतं.

(रेल्वेही फार सोवळी नाही बरं का. २००५-०६च्या सुमारास मालडब्यांत ठरलेल्या क्षमतेपेक्षा जास्त माल भरायची परवानगी तिने स्वतःच दिली. एक्सलचा भार २०.३२ टनांवरून २२.९ टनांच्या घरात गेला. उत्पन्न वाढलं, रूळ आणि चाकांवरचा ताणही वाढला, आणि त्यावर बरीच टीका झाली. पण निदान रूळ दुरुस्त करायचा खर्चही तिच्याच खिशातून जात होता.)

जयकर, नागपूर आणि कागदावरचा ट्रक

मोटारी वाढल्या, रस्ते फुटायला लागले, तेव्हा १९२७ साली एक समिती नेमली गेली. अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. आपण त्यांना पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ओळखतो, पण देशाच्या रस्त्यांच्या इतिहासात त्यांचं नाव वेगळ्याच कारणाने आहे. रस्ते आता स्थानिक मंडळांच्या आवाक्याबाहेर गेलेत, त्यांची चिंता देशपातळीवर करायला हवी आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर घ्या, असं जयकर समितीने सांगितलं. त्यातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी आला आणि १९३४च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आयआरसी. पुढे १९४३ साली देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि रस्त्यांचा वीस वर्षांचा आराखडा झाला, तोच 'नागपूर प्लॅन'. रस्त्यांच्या या इतिहासात दोन महत्त्वाच्या पायऱ्यांवर मराठी नाव आणि मराठी गाव आहे.

आयआरसीने केलेलं एक काम आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. पूल कशासाठी बांधायचा, म्हणजे कुठल्या गाडीसाठी, हे तिने ठरवून दिलं. पुलांवरच्या भारांबद्दलची आयआरसी:६ ही संहिता १९५८ साली छापली गेली. त्यात एक काल्पनिक गाडी आहे, तिला 'क्लास ए' म्हणतात. पुढे एक ट्रक आणि मागे ट्रेलर, अशी आगगाडीसारखी रांग. आठ एक्सल: २.७, २.७, ११.४, ११.४ आणि मग ६.८चे चार. एकूण ५५.४ टन. अशी गाडी प्रत्यक्षात नसते, पण तुमच्या आमच्या रोजच्या बहुतेक पुलांचा हिशेब तिला किंवा तिच्याहून जड भावंडांना धरून झालेला असतो. 'क्लास ७० आर' नावाचं भावंड तर रणगाड्यासारखं ७० टनी आणि चाकांवर धरलं तर १०० टनी.

आता त्यातला ११.४ हा आकडा पुन्हा बघा आणि २०१८चा ११.५ आठवा. संहितेत मोठमोठे 'सुरक्षिततेचे गुणक' असतात, त्यामुळे शंभर किलोंनी पूल पडत नाही. घाबरू नका. पण कागदावरची सगळ्यात जड एक्सल आणि रस्त्यावर कायद्याने चालणारी एक्सल यांच्यात पूर्वी टनाहून जास्त अंतर होतं, ते आता उरलेलं नाही. आणि हे झालं कायद्याने चालणाऱ्या गाडीचं. ओव्हरलोड गाडी याच्याही पुढची.

१९१४च्या पुलाला तर यातलं काहीच लागू नव्हतं. क्लास ए जन्माला यायच्या कितीतरी आधीचा तो पूल.

आपल्याकडे वजन कुठून आलं

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि लगेच डोंबिवलीत कारखाने उभे राहू लागले. ठाण्यात वागळे इस्टेट, भिवंडीत यंत्रमाग. तरी तेव्हाचा ट्रक म्हणजे सहा चाकी, समोर नाक असलेला, घाटात धापा टाकणारा. जास्त माल भरलाच तर इंजिनच नको म्हणायचं.

खरा बदल झाला २६ मे १९८९ला. त्या दिवशी न्हावा-शेव्याचं जेएनपीटी बंदर सुरू झालं. बंदर उरणचं, पण त्याचा माल नाशिक, गुजरात आणि उत्तरेकडे जाणार. रस्ता कुठला? कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा, खारेगाव, भिवंडी. म्हणजे आपल्या दारातून. कंटेनर मालासकट तीस टनांपर्यंत जातो. त्याच्या खाली ट्रेलर, पुढे घोडा (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला ड्रायव्हर मंडळी हेच म्हणतात). मग भिवंडीतल्या यंत्रमागांच्या शेजारी गोदामं आली आणि आज तुम्ही मोबाइलवरून मागवलेला मिक्सर बहुधा तिथूनच निघतो. आपण त्या ट्रकना शिव्या घालतो, पण त्यांतला थोडा माल आपलाही असतो.

त्याच वर्षी, १ जुलै १९८९ला, नवा मोटार वाहन कायदा (१९८८चा) लागू झाला. त्यातली कलमं सामान्य माणसाला माहीत असायला हरकत नाही. कलम ५८ : एक्सलवर जास्तीत जास्त किती वजन चालेल, हे केंद्र सरकार ठरवणार. कलम ११३ : नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा जास्त वजनाची गाडी चालवायची नाही. कलम ११४ : संशय आला तर गाडी काट्यावर न्या आणि जादा माल तिथेच उतरवा. कलम ११५ : पुलाच्या किंवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी राज्य सरकार एखाद्या रस्त्यावर किंवा पुलावर गाड्यांना बंदी घालू शकतं.

कायदा चोख आहे. मग घोडं अडलं कुठे? काही राज्यांनी भलतीच सोय काढली. ट्रकवाल्याने ठरावीक रक्कम भरायची आणि एक कार्ड घ्यायचं. ते दाखवलं की ओव्हरलोड गाडी पुढे. दंड आधीच भरलाय, आता गुन्हा करायला मोकळा! हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. परमजित भसीन विरुद्ध भारत सरकार, निकाल ९ नोव्हेंबर २००५. न्यायालयाने सांगितलं की पैसे घेऊन जादा वजनाची मुभा देता येणार नाही. दंड भरला तरी जादा माल उतरवलाच पाहिजे.

२०१९च्या दुरुस्तीने हा दंड दहापट झाला: दोन हजारांचे वीस हजार, शिवाय प्रत्येक जादा टनामागे दोन हजार. पण उतरवलेला माल ठेवायचा कुठे, त्याला जबाबदार कोण, रस्त्याच्या कडेला जागा कुठे, हे प्रश्न जागच्या जागी. म्हणून पावती फाटते आणि माल गाडीतच राहतो.

एक्सल म्हणजे नक्की काय भानगड

थोडं तांत्रिक बोलू, कारण यातच गंमत आहे.

गाडीचं एकूण वजन ही एक गोष्ट आणि ते कुठल्या एक्सलवर किती पडतं, ही दुसरी. रस्त्याला एकूण वजन कळत नाही. त्याला फक्त त्याच्या अंगावर टेकलेलं चाक कळतं.

याचं सोपं उदाहरण म्हणजे कॅराव्हॅन. २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हापासून मिनीबसच्या चेसिसवर बेड, स्वयंपाकघर, टॉयलेट बसवलेल्या गाड्या दिसायला लागल्यात. आपल्याकडच्याही काही हौशी मंडळींच्या डोक्यात ते खूळ शिरलंय. समजा तुम्ही अशा गाडीत मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे ३०० लिटरची पाण्याची टाकी बसवली. पाणी ३०० किलो. पुढच्या-मागच्या चाकांत चार मीटर अंतर. तर मागच्या एक्सलवर ३०० नाही, ३७५ किलो वाढतात आणि पुढचा एक्सल ७५ किलोंनी हलका होतो. बागेतल्या सी-सॉसारखं. एकूण वजन नियमात, पण मागचे टायर आणि पाटे मर्यादेबाहेर, आणि पुढचं हलकं झाल्याने स्टिअरिंगची पकड कमी. अमेरिकेत बसएवढ्या मोठ्या मोटारहोम सर्रास असतात. तिथे एकूण वजनाइतकीच प्रत्येक एक्सलची मर्यादा तपासा, असं घेणाऱ्याला बजावतात ते याच कारणाने. आपल्याकडे आधी विचारतात ते एसी किती टनाचा!

तपासणं अवघड नाही. वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवा, वजन घ्या. मग अख्खी गाडी. मग फक्त मागची चाकं. तीन पावत्या मिळतील. त्या आरसीवरच्या आकड्यांशी ताडून बघा. झालं.

आता रस्त्याकडे येऊ. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ एक प्रचंड प्रयोग झाला. मुद्दाम रस्ते बांधले आणि त्यांवर ट्रक दिवसरात्र फिरवत ठेवले, रस्ता फुटेपर्यंत. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा: एक्सलचं वजन वाढलं की रस्त्याची झीज त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. एक्सल दुप्पट जड झाला तर झीज दुप्पट नाही, सोळापट.

आपल्या अधिसूचनेला हा हिशेब लावा. १०.२चे ११.५ झाले, म्हणजे वजन पावणेतेरा टक्क्यांनी वाढलं. झीज? सुमारे साठ टक्क्यांनी.

यावर ट्रकवाला म्हणेल, 'अहो पण फेऱ्या कमी होतात ना!' बरोबर आहे, तोही हिशेब करू. सहा टन गाडीचं स्वतःचं वजन धरलं तर पूर्वी एका फेरीत १०.२ टन माल जायचा, आता १२.५ टन. शंभर टन मालाला पूर्वी जवळजवळ दहा फेऱ्या लागायच्या, आता आठ. पण प्रत्येक फेरीची झीज १.६ पट. आठ गुणिले १.६ म्हणजे पावणेतेरा. फेऱ्या कमी होऊनही रस्त्याची झीज तीसेक टक्क्यांनी वाढलीच.

सरकारची बाजूही सांगायला हवी. आधीच्या मर्यादा १९८०च्या दशकापासूनच्या होत्या. त्यानंतर इंजिनं, ब्रेक, टायर सुधारले. परदेशांत मर्यादा जास्त आहेत. मालवाहतूक स्वस्त झाली तर महागाईला आळा बसतो, डिझेल वाचतं. नाहीतरी ओव्हरलोड चालूच आहे, मग मर्यादाच वास्तवाच्या जवळ आणा. हे मुद्दे पोकळ नाहीत. पण नव्या टायरचा फायदा ट्रकला मिळतो, साठ वर्षांच्या मोरीला नाही.

पुलाचं गणित वेगळं, आणि ते ट्रॅफिकशी जोडलेलं

रस्त्याचा चौथ्या घाताचा नियम पुलाला जसाच्या तसा लागत नाही. लहान मोरी असेल, दोन-तीन मीटरची, तर तिच्यावर एका वेळी एकच एक्सल किंवा जोड-एक्सल असतो. तिथे एक्सलचं वजन महत्त्वाचं. पूल लांब असेल तर एका वेळी किती ट्रक उभे आहेत, हे महत्त्वाचं.

नवीन पत्रीपुलाचंच उदाहरण घ्या. त्याचा मुख्य गर्डर सुमारे ७७ मीटर लांब आणि ७०० टनांहून जड. तो २०२०च्या नोव्हेंबरात रेल्वेचे ब्लॉक घेऊन सरकवत बसवला, आणि २५ जानेवारी २०२१ला पूल खुला झाला. समजा इतक्या लांबीवर ट्रक नीट धावतायत, दोघांत पंचवीस-तीस मीटर अंतर आहे. तर एका रांगेत साधारण दोन ट्रक. १८.५ टनांचे धरले तर ३७ टन. आता ट्रॅफिक जाम करा. नऊ मीटरचा ट्रक, मध्ये दोन मीटर. एका रांगेत सात ट्रक. १२९ टनांहून जास्त. साडेतीनपट! जुन्या पासिंगचे सातच ट्रक असते तर ११३ टन झाले असते. म्हणजे जाममध्ये नव्या नियमाने एका रांगेत सोळा टन वाढले.

नवा पूल हे सहज पेलतो, तो त्यासाठीच बांधलाय. प्रश्न जुन्यांचा. क्लास एच्या हिशेबात दोन गाड्यांमध्ये साडेअठरा मीटरच्या आसपास मोकळं अंतर धरलेलं असतं. शीळ रोडवर संध्याकाळी सात वाजता दोन ट्रकमध्ये साडेअठरा मीटर अंतर कुणी बघितलंय? तेवढ्यात सहा रिक्षा घुसतात. आयआरसीच्या अलीकडच्या आवृत्त्यांनी हे ओळखलंय. बंदरं, जड उद्योग अशा ठिकाणच्या पुलांसाठी कोंडीचा वेगळा गुणक धरायला सांगितलाय. पण तो नव्या पुलांसाठी. जुना पूल जेव्हा बांधला, तेव्हाच्या गणितावरच उभा असतो.

आणि इथेच २०१८ची खरी गोची होती. पत्रीपूल पाडला आणि दोन्ही बाजूंची वाहतूक शेजारच्या एकाच पुलावर आली. एक पूल अशक्त म्हणून काढायचा आणि त्याचं ओझं शेजाऱ्याच्या डोक्यावर ठेवायचं. ते ओझंही जामच्या स्वरूपात, म्हणजे सगळ्यात जड स्वरूपात. दोन वर्षांहून जास्त काळ आपण त्या रांगेत उभे होतो. मीही होतो. कल्याणहून डोंबिवली, जे अंतर चालत गेलो असतो तरी चाललं असतं.

डोंबिवलीकरांना तर श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही. सप्टेंबर २०१९मध्ये पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल धोकादायक म्हणून बंद झाला. मग सगळं ठाकुर्लीच्या उड्डाणपुलावर. कोपर पुलाचा वरचा भाग काढून नवे गर्डर टाकले आणि सप्टेंबर २०२१मध्ये तो पुन्हा सुरू झाला. ध्यानात घ्या, कोपर पूल ब्रिटिशकालीन नव्हता. पत्रीपुलाच्या निम्म्या वयाचाही नव्हता. 'इंग्रजांचा पूल, झिजणारच' हे उत्तर तिथे चालत नाही.

ठाण्यात कळव्याचा दगडी कमानींचा जुना पूल आधी जड गाड्यांना आणि पुढे सगळ्यांनाच बंद झाला. तिसरा नवा पूल आला नोव्हेंबर २०२२मध्ये. दर वेळी क्रम तोच: आधी हाईट बॅरिअर लागतो, मग जड वाहनांना बंदी, मग सगळ्यांना बंदी, मग वर्षं.

हाईट बॅरिअरचंही बघा. तो उंची मोजतो, वजन नाही. खडी भरलेला बुटका डंपर त्याखालून जाऊ शकतो आणि थर्माकोलने भरलेला उंच टेम्पो अडकतो.

दुसरीकडे काय झालं

१५ डिसेंबर १९६७ला अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज ऐन गर्दीच्या वेळी कोसळला. ४६ माणसं गेली. १९२८चा पूल, त्या काळच्या हलक्या मोटारी धरून बांधलेला. एका लोखंडी कडीतली भेग वाढत गेली आणि वरची रहदारी त्या भेगेला रोज ताणत राहिली. त्यानंतर तिथे दोन गोष्टी झाल्या. देशभरच्या पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी सक्तीची झाली. आणि सत्तरच्या दशकात ट्रकचं वजन वाढवलं, तेव्हा सोबत एक सूत्रही आणलं. त्याचं नावच 'ब्रिज फॉर्म्युला'. किती वजन चालेल ते एक्सल किती आहेत आणि त्यांच्यात अंतर किती आहे यावर ठरतं, म्हणजे पुलाच्या एकाच जागी सगळा भार यायला नको. वजन वाढवायला हरकत नाही, पण पुलाला विचारून वाढवा, एवढाच त्याचा अर्थ.

आणि वजन म्हणजे फक्त ट्रक नव्हे. १५ जून २०२५, रविवार. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, चार जीव गेले. तिथे ना कंटेनर होता ना डंपर. माणसंच होती. पण दाटीने उभी राहिलेली माणसं हे पुलासाठी हलकं ओझं नसतं. १९१४च्या इंजिनिअरांनी गर्दीचा हिशेब धरला होता तो उगाच नाही.

मग आपण काय मागायचं?

'भ्रष्टाचार', 'खड्डे', 'कंत्राटदार' हे शब्द लिहून राग निघतो, उत्तर मिळत नाही. मला तीन साध्या गोष्टी मागाव्याशा वाटतात.

एक, ठाणे, कल्याण, डोंबिवली, भिवंडी या पट्ट्यातल्या प्रत्येक पुलावर पाटी हवी. आमदार-खासदारांच्या नावांची कोनशिला आहेच, तिच्याच शेजारी लावा: बांधल्याचं साल, कुठल्या भारासाठी बांधला, शेवटची तपासणी कधी झाली, आज किती टन चालेल. रेल्वे डब्यावर रंगवते, मग पुलावर रंगवायला काय होतं?

दोन, पूल तपासणीचे अहवाल लोकांसमोर ठेवा. पूल धोकादायक आहे हे आपल्याला तो बंद होतो त्या दिवशी कळतं. तोपर्यंत आपण त्यावरून पोरांना शाळेत सोडत असतो. तांत्रिक भाषा असू दे, आपल्या शहरात इंजिनिअर कमी नाहीत. गल्लीत चार निघतील.

तीन, वजन जिथे भरलं जातं तिथे मोजा. गोदामाच्या फाटकावर, खडीच्या खाणीवर, बंदराच्या गेटवर. पुलाच्या तोंडाशी ट्रक अडवून काय उपयोग? तो मागे वळवायलाही जागा नसते. आणि जबाबदारी फक्त ड्रायव्हरवर नको. माल किती भरायचा हे तो ठरवत नाही. भरणारा आणि पाठवणारा मोकळा सुटतो आणि पावती फाटते ती बाराशे किलोमीटर गाडी हाकून आलेल्या माणसाच्या नावावर.

शेवटची गोष्ट. मर्यादा वाढवणारे दिल्लीत असतात, पूल सांभाळणारे इथे. कुठला पूल एमएसआरडीसीचा, कुठला एमएमआरडीएचा, कुठला पालिकेचा, कुठला पीडब्ल्यूडीचा, आणि रुळांवर आला की रेल्वेचा. पुढच्या वेळी दिल्लीत एक्सलचा आकडा बदलेल, तेव्हा या पाचही ठिकाणी एक तरी फाईल उघडली जाईल का, की आपल्या पुलांना हे चालेल का? २०१८ला तशी फाईल उघडल्याचं निदान आपल्याला कुणी सांगितलं नाही.

तुमच्या रोजच्या वाटेवरच्या पुलावर भाराची पाटी असेल तर फोटो काढून खाली टाका. गाव आणि पुलाचं नाव लिहा. नसेल तर तसंही लिहा. यादी करू. महिनाभरात जी जमेल ती घेऊन ज्या त्या कार्यालयात अर्ज देऊ. ट्रान्सपोर्ट लाइनमधले कुणी इथे असतील तर त्यांनी काट्यावरचे अनुभव जरूर सांगा. तुमच्याशिवाय ही गोष्ट अर्धीच आहे.